सोलांची वही : पेडण्याच्या घरातला एक मोसम

११ एप्रिल

माहेरच्या परसात रातांब्याची, म्हणजे आमच्या भिरंडांची, पाच झाडं आहेत. फळतात तीन. बाकीची दोन नर, ती आमच्या लहानपणापासून नुसती सावली देतात. बी रुजून आलेल्या झाडांत साधारण अर्धी नर निघतात आणि ते कळेपर्यंत सात-आठ वर्षं गेलेली असतात. ज्यांना नव्याने लावायची आहेत त्यांनी मादी झाडाची कलमंच घ्यावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ ह्या जाती त्यासाठीच आहेत.

ही वही कशासाठी ते एकदा लिहून ठेवते. गेली काही वर्षं आमच्या घरात विकतची सोलं, म्हणजे कोकमाची आमसुलं, येतात. कढीला रंग येतो, आंबटपणा येतो, पण जेवताना कुणीतरी म्हणतंच, “आजीच्या सोलांची सर नाही.” आजीने काही लिहून ठेवलेलं नाही. काकीला आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि तिचं माप “मीठ पुरेसं”, “ऊन खायला द्यायचं” ह्या जातीचं. यंदा वर्षभराची सोलं, थोडं आगळ (खारवलेला रस) आणि बियांचं भिरंडेल (तूप) घरी करायचं आणि प्रत्येक वेळी वजन लिहायचं, एवढं ठरवलंय. मी पर्वरीला राहते, त्यामुळे हे काम शनिवार-रविवारचं. मधल्या दिवसांत काकी आणि वहिनी बघतील. सर्वात मोठी अडचण हीच होणार आहे, हे आधीच दिसतंय.

१९ एप्रिल

भांडी आणि मीठ.

रातांब्याचं आम्ल धातूला खातं. ॲल्युमिनियमचं पातेलं, कल्हई उडालेलं तांब्याचं तपेलं, दोन्ही बाद. माळ्यावरून तीन चिनी मातीच्या बरण्या काढल्या. एकीला तडा होता, ती तांदूळ ठेवायला गेली. बाजारातून झाकणाचं वीस लिटरचं अन्नासाठी चालणारं प्लास्टिकचं पिंप घेतलं, ४५० रुपये. कापायला स्टीलच्या सुऱ्या, कारण घरच्या लोखंडी विळीवर कापलेली साल कडांना काळी पडते.

मीठ आगरवाड्याहून आणलं, २० किलो, ३०० रुपये. मिठागरं जानेवारी ते मे चालतात, त्यामुळे एप्रिलात मीठ ताजं मिळतं. करडं, जाड, थोडं ओलसर. १८७८ च्या पोर्तुगीज-इंग्रज तहाने गोव्यातल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला होता आणि १८९२ पर्यंत तसाच राहिला. त्या वर्षांत इथल्या बायकांनी सोलं कशी टिकवली असतील, हा प्रश्न गोणी गाडीत चढवताना पडला. मीठ हातचं राखून सोलं होत नाहीत. उत्तर द्यायला घरात आता कुणी नाही.

तुलनेसाठी पाकिटातलं बारीक मीठही घेतलं. वहिनीचं म्हणणं, मीठ म्हणजे मीठ, फरक कसला? बघू.

२६ एप्रिल

पहिला उतारा. फळं काढायला गावातला माणूस सांगितला, अर्ध्या दिवसाचे ६०० रुपये. त्याने आधी फांद्या हलवून फळं खाली पाडायला सुरुवात केली. पडलेलं फळ फुटतं, त्याला माती लागते आणि संध्याकाळपर्यंत ते आंबायला लागतं. मग खाली ताडपत्री धरली, उंचावरची फळं जाळीच्या आकडीने काढली. निम्मा वेळ वाढला, पण फळं धड आली.

पिकलेलं म्हणजे किती पिकलेलं, ह्यावर काकीचा हट्ट आहे. लाल झालेलं चालत नाही, जांभळट काळपट हवं, बोटाने दाबलं की किंचित नमणारं. लाल फळाची साल जाड असते आणि वाळल्यावर चिवट होते. चांगली निवडलेली फळं १८ किलो भरली. लाल होती ती गोणपाटावर पसरून ठेवली, दोन-तीन दिवसांत रंगतील.

आडवं कापून दोन वाट्या करायच्या, बी आणि गर वेगळा काढायचा. साल ९ किलो निघाली, बी-गर साधारण ८, बाकी देठ आणि सडकी. हातमोजे घालायला वहिनीने सांगितलं होतं. मी घातले नाहीत, सोमवारी कार्यालयात सगळे हात बघून चौकशी करतील.

बी-गराचे दोन वाटे केले. एकात खडेमीठ, दुसऱ्यात पाकिटातलं, दोन्हीकडे किलोला १२० ग्रॅम. रात्रीत रस सुटतो. सालीही अर्ध्या-अर्ध्या वाटून त्या-त्या रसात बुडवल्या. आता रोजचा क्रम असा: रात्री सालं रसात, सकाळी निथळून उन्हात, संध्याकाळी परत त्याच रसात. रस संपेपर्यंत किंवा सालं काळी-मऊ होईपर्यंत.

खडेमिठात वाळू आणि चिखल असतो. तो आधीच काढायला हवा होता. मीठ थोड्या रसात विरघळवून फडक्यातून गाळायचं आणि मग ते पाणी बाकीच्या रसात ओतायचं. हे आज रात्री दाताखाली कचकच आल्यावर केलं, तोवर एक बुडी झाली होती.

३ मे

चार किलो सालं फेकली.

मधल्या आठवड्यात भावाने लाल फळांचा दुसरा वाटा कापून घेतला, ते चांगलंच केलं. पण सालं वाळत घालायला झाप कमी पडले म्हणून त्याने गोठ्याच्या छपरासाठी आणलेला नवा पत्रा अंगणात टाकला आणि त्यावर पसरली. “पत्रा तापतो ना ताई, एका दिवसात वाळतील.” तापला खरा. मी आले तेव्हा पत्र्यावर पांढरट डाग उमटले होते आणि सालींना तोंडात नाणं धरल्यासारखी चव होती. पत्र्यावरचं जस्त आम्लात विरघळतं आणि पोटात गेलेलं जस्त उलट्या काढतं. धुऊन वाचवावीत असं भावाच्या मनात होतं. धुतल्याने वरचं जाईल, सालीत मुरलेलं जाणार नाही. खड्डा काढून पुरली.

गोठ्याचा पत्राही गेला, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

वाळवण्यासाठी माडाचे झाप, त्यावर बाबांचं जुनं सुती धोतर, वरून दुसरं पातळ धोतर माश्यांसाठी. काळा प्लास्टिकचा कागद वापरू नये. एका कोपऱ्यात करून पाहिलं, त्याखाली घाम धरतो आणि साल शिजल्यासारखी होते, रंग तपकिरी पडतो.

१० मे

दोन मिठांचा निकाल. पाकिटातल्या मिठाची सोलं दुपारी कडक होतात, वर मिठाचे बारीक पांढरे कण दिसतात, मोडली तर तुकडा पडतो. खडेमिठाची मऊ, चिकट, बोटांना ओल लागते. खडेमीठ हवेतली ओल ओढून धरतं, पाकिटातलं मोकळं राहावं म्हणूनच केलेलं असतं. घरात टिकवायला कडक सोलं वाईट नाहीत, पण पाण्यात भिजून रंग सोडायला त्यांना दुप्पट वेळ लागतो. वहिनीने दोन्ही चाखून बघितली आणि काही बोलली नाही, पण पाकिटातलं मीठ परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

पहिल्या उताऱ्याची खडेमिठाची सोलं आज बरणीत भरली. रंग काळपट जांभळा, हवा तसा. चवीला चांगली आहेत, विकतच्यापेक्षा कितीतरी. तरी काकीने एक चोखून मान हलवली. “बरीं जाल्यांत. पूण तीं न्हय.” काय कमी आहे, ते तिला सांगता येईना. मी मीठ वाढवायचं, बुड्या वाढवायच्या, रस आटवून दाट करायचा, असं तीन तऱ्हेने पुढच्या उताऱ्यात करून बघायचं ठरवलं.

१७ मे

वळीव. बुधवारी रात्री, कुणाला काही कळायच्या आत. दुसऱ्या उताऱ्याची सालं झापांवर होती. वहिनी आणि काकीने रात्री उठून ओढून आत आणली तोवर भिजली होती. त्यानंतर दोन दिवस ढग. शनिवारी दुपारी मी पोचले तेव्हा ढिगाच्या मधल्या थरात पांढरी बुरशी दिसायला लागली होती.

बुरशी लागलेली सगळी टाकली, दीड किलोच्या आसपास. बुरशीचं सोल पुसून, धुऊन, ऊन दाखवून घेणारे लोक आहेत. मी घेत नाही. उरलेली नव्या, जास्त मिठाच्या रसात (किलोला २०० ग्रॅम) एक रात्र बुडवली. मग वाळवायची कुठे? पंख्याखाली ठेवली तर वरचा पापुद्रा सुकला, आत ओलीच. ओव्हन ८० अंशांवर लावून एक ताट करून बघितलं. वाळली, पण रंग विटला आणि विजेचं बिल भावाने मला पाठवायचं कबूल करून घेतलं.

शेवटी काकीने काही न विचारता दोन सुपं उचलली आणि न्हाणीत गेली. आंघोळीचं पाणी तापतं त्या भाणाच्या चुलीवर, हातभर उंच, एक जुनी बांबूची ताटी आडवी आहे. ती तिथे कशाला आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. लहानपणी तिच्यावर खारे बांगडे असत एवढं आठवतं. सोलं तिच्यावर पसरली. खाली सकाळ-संध्याकाळ नारळाची सोडणं आणि फणसाची लाकडं जळतात, जाळ मंद, धूर भरपूर.

“पावसांत आणि खंय सुकयतलीं?” एवढंच म्हणाली.

२२ मे

कामानिमित्त म्हापशाला होते, शुक्रवारचा बाजार होता. पावसाळ्याची बेगमी, पुरुमेंत, जोरात. मिरच्या, सुकी सुंगटं (कोळंबी), चिंच, सोलं. चार ठिकाणची थोडी-थोडी सोलं घेतली आणि प्रत्येक विक्रेतीला कुठे वाळवली ते विचारलं. तिघींची उन्हातली. एक म्हातारी सत्तरी तालुक्यातून आली होती, तिच्या पोतडीत सोलांचे दोन ढीग होते, एक महाग, एक स्वस्त. स्वस्तातली मऊ होती, काळी कुळकुळीत, धुराचा वास येणारी. “हीं नुस्त्याक. कडयेक तीं.” मासळीला ही, कढीला ती. मी दोन्ही घेतली.

संध्याकाळी घरी जाऊन काकीला धुराची दाखवली. तिने वास घेतला आणि म्हणाली, “हीच.”

मग सगळं सुटलं. आजीचे पहिले उतारे उन्हात वाळत आणि त्यातली बरीचशी सोलं पाहुण्यांना, सासरी गेलेल्या मुलींना, देवाच्या कामाला जात. घरात उरत ती शेवटच्या उताऱ्याची, पावसात सापडलेली, भाणावर वाळवलेली. वर्षभर आम्ही तीच खात होतो. ज्या चवीसाठी मी मीठ मोजत बसले होते ती मिठाची नव्हती, लाकडाची होती, आणि पाऊस लवकर आल्यामुळे नाइलाजाने आलेली होती. आजीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती की चांगली सोलं संपली म्हणून ही वाढतेय.

मीठ, बुड्या आणि रस आटवण्याचे तीनही प्रयोग रद्द.

३१ मे

भिरंडेल. ज्यांना सोलांपुरतंच करायचं आहे त्यांनी ही नोंद सोडून द्यावी, कारण मेहनत फार आणि हाती थोडं.

गरातून काढलेल्या बिया राखेत चोळून, धुऊन, कडकडीत वाळवल्या होत्या. ३.५ किलो भरल्या. काकीच्या वायनात मुसळाने कुटायला दोघींना सबंध सकाळ लागली. मिक्सरमध्ये करायला गेले तर चरबी सुटून पाती अडकली, भांडं तापलं, वास आला; बंद केला. कूट पाण्यात घालून उकळायचं म्हणजे तूप वर येतं. पहिल्यांदा जाळ मोठा ठेवला, फेस येऊन अर्धं चुलीत गेलं. दुसऱ्यांदा मंद आचेवर दोन तास, मग तसंच रात्रभर निवत ठेवलं. सकाळी वर पिवळसर पांढरा थर घट्ट बसला होता. गरम असताना पळीने काढायचा प्रयत्न केला तर पाणीही येतं, म्हणून निवू द्यावं. खाली उरलेला चोथा परत उकळला, दुसऱ्या खेपेला चार चमचे मिळाले.

सगळं मिळून ४३० ग्रॅम. बीमध्ये ह्याच्या दुपटीच्या आसपास तूप असतं, पण ते घाण्यातच निघेल. हे ३८ ते ४० अंशांवर वितळतं, म्हणून मे महिन्यातही मुठेलं (गोळे) वळता येतात. काकीने कोमट पाण्यात हात बुडवून लिंबाएवढी वळली. तिचा वापर टाचांच्या भेगांना. मी चमचाभर आमटीवर घालून पाहिलं. जड लागतं, जीभेवर थर बसतो. मुलांनी नको म्हटलं.

७ जून

आगळ. बी-गराचा रस, किलोला १८० ग्रॅम मीठ, आठवडाभर रोज ढवळून, गाळून बाटल्यांत. एक बाटली मुद्दाम कमी मिठाची केली होती, १०० ग्रॅमची, कारण घरात दोघांना रक्तदाब आहे. तिचं बूच उघडताना फुस्स झालं आणि रस दरवाजापर्यंत उडाला. आंबलेला. कमी मिठाचं करायचं तर फ्रीजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं. बाटल्या अंधारात ठेवाव्यात; खिडकीतल्या बाटलीचा रंग पंधरवड्यात विटकरी झाला.

हिशेब: मजुरी १८००, पिंप ४५०, मीठ ३००, बाटल्या ३६०, लाकूडफाटा ५००, गेलेला पत्रा ११००. पर्वरी ते पेडणे पेट्रोल धरत नाही, धरलं तर वही बंद करावी लागेल. हाती आलं ते असं: उन्हाची सोलं २.७ किलो, धुराची १.१ किलो, आगळ सहा बाटल्या, भिरंडेल. एवढी सोलं बाजारात ह्याहून स्वस्तात मिळतात. धुराची मिळतात का, हे त्या म्हातारीच्या पुढच्या खेपेवर.

रात्री पाऊस धरला. झाडांवर अजून फळं आहेत, ती आता माकडांची.

१२ जुलै

ट्रॉलर बंदीचे दिवस, ताजी मासळी महाग, म्हणून सुक्या सुंगटांचं हुमण, म्हणजे आमटी. तेच वाटण, तीच सुंगटं, दोन पातेली. एकात उन्हाची सोलं, एकात धुराची. कुणाला सांगितलं नाही. भाऊ धुराच्या पातेल्याकडे दुसऱ्यांदा गेला, तेव्हा काकी हसली.

सोलं शेवटी घालायची, उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटं, आणि झाकून ठेवायची. खडेमिठाची सोलं असतील तर वाटणात मीठ निम्मं घालावं. पहिल्या पातेल्यात हे विसरलं गेलं होतं.

शेजारच्या बायला धुराची मूठभर दिली. तिच्याकडे माशाच्या कढीला सोलं आणि डुकराच्या मांसाला माडाच्या सुरेचं विनेगर, अशी आंबटाची वाटणी ठरलेली आहे. तिने धुराची सोलं नाकाशी नेली आणि आपल्या सासूची आठवण काढली. म्हणजे ही चव आमच्या एकट्याच्या घरची नव्हती. बदल्यात घरच्या विनेगरची बाटली दिली. आमच्या स्वयंपाकघरात विनेगर कधी आलेलं नाही. काकीने ती देवघराच्या भिंतीपलीकडच्या फडताळात ठेवायला लावली, आणि गेल्या रविवारी कांद्यावर घालून स्वतःच चाखली. “आमच्या बिमलांपेक्षां उणेंच,” असा शेरा मिळाला. (बिमलं म्हणजे आमच्याकडचं आणखी एक आंबट फळ.)

१० सप्टेंबर

चतुर्थी चार दिवसांवर. बरण्या तपासल्या. उन्हाच्या सोलांवर पांढरं दिसलं म्हणून काकी घाबरली. ओळखायची सोपी रीत: कोमट पाण्यात टाकायचं. मीठ असेल तर विरघळतं, बुरशी असेल तर तंतू तरंगतात. मीठच होतं. दोन बरण्यांवर चिकटपट्टी लावून ‘कढी’ आणि ‘हुमण’ लिहिलं, कारण गेल्या महिन्यात वहिनीने पुण्याच्या नणंदेला चुकीची बरणी पाठवली आणि तिच्या कढीला न्हाणीघराचा वास आल्याचा फोन आला.

नैवेद्याला फुटी कढी उन्हाच्याच सोलांची: सोलं कोमट पाण्यात तासभर, कुस्करून गाळायची, हिरवी मिरची, कोथिंबीर, हिंगाची फोडणी, चिमूट गूळ. नारळाचं दूध घालून करायची तर दूध घातल्यावर चुलीवर ठेवू नये, फाटतं.

जूनअखेर दोन कलमं लावली होती. एक खोलगट जागेत होतं, पाणी तुंबून मेलं. दुसऱ्याला नवी पालवी आहे. तेही फळायला चार-पाच वर्षं.

पुढच्या मोसमात शेवटचा उतारा पावसाची वाट न बघता सरळ भाणावर घालायचा, निदान दोन किलो. त्यात एकच अडचण आहे. भावाने न्हाणीत गिझर बसवायचं ठरवलंय, दिवाळीआधी. काकी म्हणाली, बसव, पण चूल काढायची नाही. भाऊ विचारतोय, मग रोज जाळ कशाला घालायचा आणि लाकडं कोण आणणार. वहिनी आगळाच्या बाटल्या पुसत होती, तिने वर बघितलं नाही.